कोपऱ्यात ओलांडलेल्या रेघा

१

माझा उजवा हात मोडला तो पडद्यांपायी. धुतलेले पडदे अडकवायला स्टुलावर चढले, स्टूल हललं आणि मी सगळा भार मनगटावर घेऊन खाली आले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. हाड छान जुळलंय म्हणून डॉक्टर खूश झाले, पण बोटांची थरथर काही जाईना. चमचा धरला तरी तो कपावर वाजायचा. "जाईल हळूहळू," ते म्हणाले. हळूहळू म्हणजे किती ते काही सांगेनात.

मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी आमच्या कामात सगळ्यांना ड्राफ्ट्समनच म्हणतात, आणि बावीस वर्षांत मला त्याचं काही वाटलेलं नाही. इमारतींचे नकाशे काढते. आता कोणी म्हणेल, कॉम्प्युटरवर कसली आलीये थरथर, रेघ तर आपोआप सरळच येते. येते ना! पण तिचं टोक कुठे टेकवायचं ते हातच ठरवतो. क्लिक केसभर सरकलं की भिंत खिडकीत घुसते, आणि खिडकी जिन्यात.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकीण, स्वतः आर्किटेक्ट. त्यांनी ऑफिसातला जास्तीचा लॅपटॉप माझ्या घरी पाठवला आणि फोन केला. "महिनाभर घरूनच कर. वाचनालयाच्या नकाशांचा अख्खा संच हवाय मला. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर… बघू मग." त्यांचं 'बघू मग' मी बावीस वर्षं ऐकतेय. त्यानंतर त्या कधीच बघत नाहीत. माणूस जातो. लेकीचं शिक्षण चाललंय, घरात आम्ही दोघीच, आणि मला दुसरं काहीही येत नाही.

लॅपटॉपच्या पॅडवर बोट फिरवून पाहिलं. कर्सर माशीसारखा उडत सुटला. जुना माऊस लावला तर त्याची वायर दुखऱ्या मनगटाला ओढ द्यायची. म्हणून लॅपटॉप काखोटीला मारला आणि बिनवायरीचा माऊस घ्यायला निघाले.

दुकानदार बोलका निघाला. "गेम खेळायला की ऑफिसला, ताई?"

"नकाशे काढायला. मधलं चाक दाबलं पण जायला हवं, नुसतं फिरून उपयोग नाही. आणि आवाज नको. घरात अभ्यास चालतो."

त्याने माझ्याच लॅपटॉपला लावून चार माऊस दाखवले. एक इतका चपटा की हाताखाली काही आहे असंच वाटेना. एकावर रंगीत दिवे लुकलुकत होते. "हा तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. तिसऱ्याचं चाक घट्ट. चौथा मात्र हातात घेतला आणि तळवा त्यावर अलगद बसला. गोलसर, थोडा जड, क्लिक केलं तरी आवाज नाही. चार्जिंगचा नव्हता, एक सेल घालायचा. तेच बरं, चार्जिंगला लावला की परत वायर आलीच.

"हा दाखवायचा पीस आहे. तुम्हाला नवा कोरा देतो," म्हणून त्याने बंद खोका माझ्या हातात ठेवला.

२

जेवणाच्या टेबलावर मी माझं ऑफिस थाटलं. टेबलावर निळा सुती टेबलक्लॉथ, एका बाजूला मी आणि समोर रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर आमच्याकडे इस्त्रीचे कपडे बसतात. ते मी आतल्या खोलीत नेऊन ठेवले.

लेकीने खोका फोडला, माऊस उलटा करून बटण सरकवलं. मग लॅपटॉपची कड पाहिली. "आई, डोंगल लावलेलंच आहे की. दुकानातच लावून दिलं वाटतं." डोंगल म्हणजे ते नखाएवढं काळं टोपण, लॅपटॉपला लावायचं. माऊसचा हात त्याच्याच मार्फत पडद्यावर पोचतो. माझ्या लॅपटॉपच्या डाव्या कडेला ते घट्ट बसलेलं होतं.

"हलव," ती म्हणाली. मी हलवला. कर्सर हलला.

"जमलं! आता मला मार्क दे," म्हणत ती कॉलेजला पळाली.

मी पहिली भिंत काढायला घेतली. हात थरथरत होता, माऊसही हाताबरोबर थरथरत होता. मी श्वास रोखून क्लिक केलं आणि पडद्यावर पाहिलं. टोक जिथे हवं तिथे, बरोब्बर. दुसरं क्लिक, तेही बरोब्बर. दुपारपर्यंत तळमजल्याच्या साऱ्या भिंती उभ्या राहिल्या. मी खुर्चीला टेकून चक्क रडले. दीड महिन्यात पहिल्यांदा माझं काहीतरी मला परत मिळालं होतं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "हल्लीचे माऊस हुशार असतात गं. थरथर गाळून टाकत असतील." पटलं मला. आणि खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं.

३

आठवडा असाच मजेत गेला. मग एका सकाळी, लेक गेल्यावर, घर शांत असताना मला तो आवाज आला. टक.

छोटासा, प्लॅस्टिकचा. मी दरवाजाचं चिन्ह ठेवत होते. पुढचं चिन्ह ठेवलं. टक. हात उचलला, दोन मिनिटं थांबले. काही नाही. परत क्लिक केलं. टक.

मी बिनआवाजाचा माऊस घेतला होता, दुकानात चारदा कानाशी धरून पाहिला होता. टेबल जुनं आहे, लाकूड कुरकुरत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण लाकूड काय क्लिकच्या ठेक्यावर कुरकुरतं? आणि आवाज माझ्या हाताखालून येत नव्हता. टेबलाच्या पलीकडून येत होता.

कान सावध झाला की डोळेही सावध होतात. आता मी कर्सरकडे नीट पाहायला लागले. मला नकाशातल्या जिन्याकडे जायचं होतं. हात हलवायच्या आधी, अगदी अर्ध्या क्षणाने आधी, कर्सर जिन्याकडे निघाला.

मी मुद्दाम शौचालयाकडे वळले. कर्सर थबकला, मग आला माझ्यामागे. लहान मुलाची खोड चालवून घ्यावी तसा आला. मला खरंच लाज वाटली, आणि मी निमूटपणे जिन्याकडे परतले.

मानेवर काटा आला होता, हे कबूल करते. पण घड्याळ साडेबाराचं, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. अशा वेळी माणूस घाबरतो म्हणजे काय! थकलीयेस बाई, असं म्हणून मी उठले, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन बसले. काम थांबवणं मला परवडणारं नव्हतं. बारा दिवस संपले होते.

४

तळमजला पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. मी जीव मुठीत धरून उचलला.

"सुरेख झालंय," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ काम तर तू हात मोडायच्या आधीही करत नव्हतीस."

"बाई, तुमचं कौतुकसुद्धा चिमटा काढूनच असतं. नवा माऊस घेतलाय, त्याची कृपा."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? हे कोपऱ्यांचं काय केलंयस?"

"काय केलंय?"

"मोठं करून बघ."

मी एक कोपरा मोठा करून पाहिला. दोन भिंती जिथे मिळतात तिथे रेघा थांबल्या नव्हत्या. एकमेकींना ओलांडून केसभर पुढे गेल्या होत्या. दुसरा कोपरा पाहिला, तिथेही तेच. सगळ्या तळमजल्यावर एकही कोपरा सुटला नव्हता, आणि सगळीकडे ओलांडणं तेवढंच, मोजून काढल्यासारखं.

हे मी कधीच करत नाही. माझ्या पिढीतलं कोणीच करत नाही. पूर्वी फळ्यावर कागद ताणून, पेन्सिलीने नकाशे काढायचे, तेव्हा कोपरा पक्का दिसावा म्हणून रेघा अशा ओलांडायचे. कॉम्प्युटर आला आणि ती सवय गेली.

"अगं, आमच्याकडे एकच जण असे कोपरे काढायचे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू लागायच्या आधी. त्यांचं नाव—"

"बाई, दारावर कोणीतरी आलंय, नंतर बोलते," मी घाईने म्हटलं आणि फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. मला ते नाव ऐकायचं नव्हतं, एवढंच. नाव कळलं की ते माणूस होणार, आणि माणूस झालं की मला काहीतरी करावं लागणार. सध्या तो एक चांगला माऊस होता आणि मला तेवढंच हवं होतं.

५

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. घरात सेल नव्हता. "तात्पुरता माऊसचा काढ ना," लेक म्हणाली. मी माऊस उलटा केला, झाकण सरकवलं.

सेल आत होता. सेल आणि पत्र्याच्या मधोमध कंपनीने घातलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती. ती ओढून काढल्याशिवाय माऊस सुरूच होत नाही. सेलच्या शेजारी एक छोटी खाच असते, आणि त्या खाचेत, कोणी बोटही न लावलेलं, या माऊसचं स्वतःचं डोंगल बसलेलं होतं.

मी झाकण लावून टाकलं. "सेल वेगळ्या मापाचा आहे," लेकीला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी इतकं सरळ खोटं बोलले.

तीन आठवडे मी एक बंद माऊस टेबलावर फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. वाटेत मनाशी सगळं नीट जुळवलं. हे डोंगल त्याच्या दाखवायच्या माऊसचं असणार, चुकून माझ्याकडे राहिलं असणार. शेजारच्या घरात तसलाच माऊस असेल. असलं काहीबाही.

दुकानदाराने डोंगल निरखलं. "हे आमचं नाही, ताई. आमचं हे बघा," म्हणून त्याने दाखवायचा माऊस पालथा केला. त्याचं डोंगल त्याच्याच पोटात होतं. "तुम्ही आलात तेव्हाच हे लावलेलं होतं. मी आपला उजव्या बाजूला लावून दाखवत होतो."

"दुसऱ्या कुठल्या माऊसवर चालत असेल का हे?"

"छे हो! डोंगल आपल्या माऊसलाच ओळखतं, दुसऱ्याला दाद देत नाही. आणि तो माऊस जवळ लागतो, एकाच खोलीत म्हणा ना."

"एकाच खोलीत," मी म्हटलं.

"काही बिघडलंय का? काढून टाकू?" त्याने नख लावलंसुद्धा.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मी माफी मागितली आणि लॅपटॉप छातीशी धरून घरी आले.

ऑफिसात सहज म्हणून विचारलं. लॅपटॉप दोन वर्षं कपाटात पडून होता, डोंगलचं कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

६

घरी येऊन मी माझ्या जागेवर बसले. ऊन टेबलावर आडवं पडलं होतं. मी माऊसवर हात ठेवला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिले.

टेबलक्लॉथची एक घडी हलली.

समोरच्या खुर्चीपुढे, माझ्या उजव्या हाताच्या बरोबर समोर, निळं कापड वीतभर जागेत दाबलं गेलेलं होतं. ती दाबलेली जागा डावीकडे सरकली आणि तिच्यापुढे कापडाची एक बारीक सुरकुती सरकली. पडद्यावर कर्सर तेवढाच सरकला. टक. पहिल्या मजल्याच्या खिडकीचं एक टोक नीट जागेवर बसलं. दाबलेली जागा परत आली. टक. दुसरं टोक.

खुर्चीत कोणी नव्हतं. पाठीमागची भिंत दिसत होती, भिंतीवरचं बंद घड्याळ दिसत होतं.

मी पळाले नाही. का नाही पळाले हे मी स्वतःलाच अनेकदा विचारलंय. कारण एकच सापडतं, समोर जे होतं ते माझं काम करत होतं, माझ्यासाठी, मन लावून. जन्मात माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं.

"फार उपकार झाले तुमचे," मी म्हटलं. "खरंच सांगते. तुम्ही नसता तर मी संपले होते."

कापड क्षणभर थांबलं. मग काम पुढे सुरू झालं.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी बसताना 'येते हं' म्हणायला लागले आणि उठताना 'आता पुरे' म्हणायला लागले. बंद माऊसवर हात ठेवून त्यांच्यामागून फिरायचे. कुठे वेग धरायचा, कुठे थांबायचं, क्लिकच्या आधी बोट कसं सैल सोडायचं, सगळं हाताला उमगत गेलं. डॉक्टर म्हणाले, "थरथर बरीच कमी झालीये. व्यायाम कोण करून घेतंय?" मी म्हटलं, "आहेत एक जण."

७

शेवटच्या दिवशी फक्त वरच्या मजल्याचा जिना राहिला होता. पाच वाजता संच पाठवायचा होता. अकरा वाजता मी बसले, आणि पहिल्याच पायरीला कर्सर थरथरला.

आधी वाटलं, माझीच नजर. पण नाही. टोक चुकलं. कर्सर मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा चुकलं. समोर कापड बारीक बारीक हलत होतं, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण हलावं तसं. टक. टक टक. टक. बारा वाजेपर्यंत तीन पायऱ्या झाल्या, आणि त्यातल्या दोन वाकड्या. मला रडू यायला लागलं. माझ्या नोकरीसाठी नव्हे. ते थांबत नव्हते म्हणून.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो स्थिर होता.

मग मी माऊस उलटा केला. पट्टी ओढून काढली. माऊसच्या पोटातलं माझं डोंगल काढून लॅपटॉपच्या उजव्या कडेला लावलं. माऊसचा तांबडा दिवा पहिल्यांदा लागला.

एकाच कर्सरवर आता दोन हात होते. त्यांचा हात डावीकडे ढळला की मी तेवढाच उजवीकडे धरायचे. पुढे गेला की मागे घ्यायचे. "सावकाश," मी म्हणत होते, "घाई नाही, आहे मी." चौथी पायरी सरळ आली. पाचवी, सहावी. साडेचारला वरचा कठडा पुरा झाला, आणि शेवटच्या कोपऱ्यात मी स्वतःच्या हाताने दोन्ही रेघा केसभर ओलांडल्या.

मी पाठवायला जाणार तोच कर्सर थरथरत खाली उतरला. नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. त्यात 'काढणार' असा रकाना असतो आणि त्यात माझं नाव होतं. कर्सरने माझ्या नावावर दोनदा टक केलं. रकाना उघडला. कर्सर तिथेच उभा राहिला.

माऊसने अक्षरं लिहिता येत नाहीत. त्याला कीबोर्ड लागतो, आणि कीबोर्ड माझ्यापुढे होता.

मी मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, ते कोपरे ओलांडणारे. त्यांचं नाव काय होतं?"

त्यांनी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "हात थरथरायला लागला होता गं त्यांचा. एक महिना मागितला होता त्यांनी, मी दिला नाही. तू त्यांच्याच जागेवर लागलीस. गेले बिचारे त्याच वर्षी. का विचारतेस?"

"तुम्ही मला महिना दिलात म्हणून," मी म्हटलं.

मी रकान्यात त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण. त्याखाली माझं. पाचला पाच मिनिटं असताना संच पाठवला. समोर कापड सपाट होत गेलं, हळूहळू, कोणीतरी तळवा उचलून घ्यावा तसं. मी हात जोडले.

नोकरी राहिली. मंजूर झालेला संच चौथ्या दिवशी आला, दोन्ही नावांसकट. बाईंनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त खालची सही त्यांची वाटत नव्हती. वेडीवाकडी, तुटक तुटक.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. त्यांचा आवाज असा मी कधीच ऐकला नव्हता. "अगं, त्या दिवशी सही करायला बसले तेव्हापासून माझा हात… पेनच धरवत नाही. पुढच्या आठवड्यात मोठ्या कामाचे नकाशे द्यायचेत. तुझा तो माऊस कुठला म्हणालीस?"

मी समोर पाहिलं. टेबलक्लॉथ सपाट होता. डाव्या कडेचं डोंगल जागेवर होतं.

"जाल का बाईंकडे?" मी फोनवर तळवा धरून विचारलं. "मला दिलात तसा हात द्याल त्यांना?"

खूप वेळाने टेबलाच्या पलीकडून आवाज आला. टक.

तो होकार होता असंच मी धरून चालले. ज्यांनी मला इतकं दिलं त्यांच्याबद्दल दुसरं काही मनात आणणं मला शोभलं नसतं. "उद्या घेऊन येते, बाई," असं मी फोनवर सांगितलं आणि डोंगल अलगद ओढून काढलं. ते गरम होतं.